एकदाच टक्

झाकूपोव केंझेताय मुसिराली-उली. पुरुष, विवाहित. उंची मध्यम, बांधा मध्यम, दृष्टी चष्म्यासह समाधानकारक. हुद्दा: तांत्रिक निरीक्षक, चाके व टायर. ट्रॅकवर उतरू पाहणारे कोणतेही वाहन, मग त्याचा मालक कोणीही असो व कोणाचाही नातेवाईक असो, चाकाच्या कारणास्तव रोखून धरण्याचा संपूर्ण अधिकार सदर इसमास राहील. निर्णय अंतिम समजावा. निरीक्षकाशी हुज्जत घालू नये. निरीक्षकास खाद्यपदार्थ देऊ नयेत.

हा मजकूर सारी-आदिरच्या मोटार-शर्यतींच्या ट्रॅकच्या फाटकावर, पत्र्यावर रंगवलेला आहे. शेवटचं वाक्य ट्रॅकचा मालक ल्योन्या याने प्राणिसंग्रहालयातल्या पाटीवरून उचललं असावं. पण ते खोडावं असं कुणाला वाटलं नाही. माळावरचा वारा बारा महिने त्या पत्र्याला धडका देतो. त्यामुळे पत्रा खालच्या कोपऱ्यात वाकला आहे आणि 'अंतिम' हा शब्द वाचायला मान तिरकी करावी लागते.

ट्रॅकवर केंझेतायला या नावाने कुणी हाक मारत नाही. तो सगळ्यांचा टक-अगा, म्हणजे टक-दादा. त्याच्या हातातल्या पान्यावर आधी जोर ठरवून ठेवायचा, मग चाकाचा नट आवळत जायचा. ठरवलेला जोर पुरा झाला की पाना 'टक्' करतो. सुट्टीच्या दिवशी अल्माटीची पोरं घरच्या गाड्यांची हाडंमांसं बदलून इथे येतात आणि घड्याळाशी झुंजतात. त्यांना इंजिनाची ताकद तोंडपाठ असते, ब्रेकचं रक्त कुठल्या डब्यातून आणलं ते सांगता येतं. चाक कशावर धरलंय असं विचारलं की ते आकाशाकडे बघतात. मग केंझेताय गुडघे टेकतो, आणि टक्, टक्, टक्.

तो उपजत असा नव्हता. तरुणपणी बस डेपोत टायर विभागात होता, चारचौघांसारखा शिट्टी वाजवत काम करी. एका उन्हाळ्यात तो गावाहून बसने परत येत होता. खिडकीशी बसला होता. तेवढ्यात बसच्या शेजारून एक चाक पुढे गेलं. नुसतं चाक. सरळ, न डगमगता, अंमळ घाईत असल्यासारखं ते गेलं आणि वळणावर टरबुजांच्या ढिगात घुसलं. बसमधली माणसं खदखदून हसली. केंझेतायही हसला. मग त्याच्या ध्यानात आलं की ते चाक त्याच बसचं होतं.

कुणाला काही झालं नाही, टरबुजं सोडून. पण तेव्हापासून केंझेतायच्या आत काहीतरी बसायचं विसरलं. गॅस बंद केला तरी तो परत जाऊन बघे. कुलूप लावून जिना उतरला की पुन्हा चढे. शेजाऱ्यांच्या गाड्यांशेजारून जाताना हात आपोआप चाकाकडे जाई आणि नट चाचपून येई. लोक आधी चोर समजले, मग वेडा, मग त्यांनी सवय करून घेतली. त्याची बायको राबिगा याला आजार म्हणे. ल्योन्या त्याचाच पगार देई.

इथवर ठीक होतं. पण मुलीच्या लग्नात घोटाळा झाला.

मारझानची वरात निघाली होती, रिबिनी लावलेल्या गाड्यांची रांग महामार्गाला लागली होती, तेवढ्यात केंझेतायने सगळी रांग कडेला थांबवली आणि कोट काढून नवरीच्या गाडीखाली जॅक लावला. नवरी आत बसलेली, व्याही झोलामान रस्त्यावर उभा, मागून ट्रक भोंगे वाजवताहेत. एकही नट ढिला निघाला नाही. झोलामान हा मेजवान्यांच्या हॉलचा मालक. शहरातल्या निम्म्या सोयरिकी त्याच्या छताखाली जुळल्या, त्यामुळे ही गोष्ट शहरभर व्हायला वेळ लागला नाही. आता मारझानला दिवस गेले होते, आणि सासरी थट्टा नव्याने सुरू झाली होती. 'पाळणा आणायचाय गं, तुझ्या बापाला विचार, त्याला चाकं चालतील का?' मारझान हसून साजरं करी. आईपाशी मात्र एकदा रडली.

म्हणून त्या शनिवारी, जावई मादियार स्वतः बांधलेली गाडी पहिल्यांदाच ट्रॅकवर आणणार होता आणि झोलामान सगळं गोत घेऊन बघायला येणार होता तेव्हा, राबिगाने वाटेतच करार केला. ती गाडी चालवत होती. पेट्रोल पंपावर केंझेताय खाली उतरला आणि चारी चाकांभोवती प्रदक्षिणा घालून आला. तो परत आत बसला.

"आज किती वेळा?" तिने गिअर टाकत विचारलं.

"एकदाच."

"एकदाच म्हणजे?"

"टक् झालं की उठायचं."

"आणि मग?"

"मग माणसासारखं मांडी घालून बसायचं, खायचं, आणि व्याह्याच्या विनोदाला हसायचं."

"दोन्ही वेळा हसायचं. तो एकच विनोद दोनदा सांगतो." तिने आरशात बघितलं. "केंझे, माझ्यासाठी नाही म्हणत. पोरीला त्या घरात राहायचंय."

"एकदाच," केंझेताय म्हणाला आणि दाराचं लॉक तपासलं.

झोलामानची मंडळी आधीच आली होती. मिनीबसच्या आडोशाला गालिचे अंथरले होते, चुलाणावर कढई चढली होती, मेंढा सकाळीच कामी आला होता. वारा कागदी ताटल्या उडवत होता आणि बायका त्यांच्यावर बाउरसाकच्या, तळलेल्या पिठाच्या गोळ्यांच्या, पराती ठेवत होत्या. झोलामान दोन्ही हात पसरून पुढे आला. आडवा माणूस, आवाज हॉलभर पुरेल असा.

"कुदा! व्याहीबुवा, या, या! आज तुमच्या राज्यात आलोय. पाटी वाचली हं फाटकावरची. खाद्यपदार्थ देऊ नयेत म्हणे! मग हा मेंढा काय मी एकट्याने खाऊ?"

सगळे हसले. आणि हसू ओसरायच्या आत त्याने बायकोच्या हातातून चपान, म्हणजे मानाचा झगा, घेतला आणि केंझेतायच्या खांद्यांवर चढवला. लाल मखमल, छातीवर सोनेरी शिंगांची नक्षी, घेर टाचेपर्यंत. व्याह्याने चार लोकांत घातलेला चपान. तो अंगावर असताना देणाऱ्याला नाही म्हणता येत नाही, हे तिथल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. झोलामानला अर्थातच ठाऊक होतं.

"शोभतोय," तो म्हणाला. "आता बघा आमच्या पोराची गाडी."

मग त्या माळाने एक दृश्य पाहिलं: तांत्रिक निरीक्षक लाल मखमलीत गाडीखाली आडवा.

गाडी जुनी, जपानी, उजव्या बाजूच्या स्टिअरिंगची. पूर्वजन्मी ती कुणा शांत, निवृत्त माणसाने भाजी आणायला वापरली असावी. मादियारने तिला जमिनीपर्यंत खाली बसवलं होतं, टर्बो लावला होता, मागची सीट फेकून दिली होती. चाकं दोन्ही अंगांनी बाहेर आली होती, जेवून उठलेल्याच्या पोटासारखी. टायर रुंद होते, चकचकीत काळे होते आणि म्हातारे होते. केंझेतायने टायरच्या कडेवरचा शिक्का अंगठ्याने पुसून वाचला. तो टायर बनला तेव्हा मादियार शाळेत होता. त्याने रबरात नख रोवलं, उमटलं नाही. पॉलिशखाली बारीक भेगांचं जाळं होतं.

मग त्याने एक नट सोडायला घेतला. चौथ्या वळशालाच तो हातात आला.

"मादियार, बाळा, हे चाक कशावर उभं आहे?"

मादियार वाकला. उमदा पोरगा, कानापर्यंत ग्रीस. "चाकामागे स्पेसर घातलाय, पापा, जाड लोखंडी कडं. चाक बाहेर दिसायला हवं ना. मग बोल्ट थोडा कमी पडतो. पण तीन-चार आटे पुरतात. इंटरनेटवर सगळे सांगतात."

"इंटरनेटला मुलगी आहे का कुणाच्या घरात दिलेली?"

मादियार ग्रीसचे हात पँटला पुसायला लागला. गाडीखालून झोलामानचे बूट दिसत होते. ते जवळ आले.

"कुदा, काही अडचण?"

केंझेताय बाहेर आला, चपानचा घेर सावरत उभा राहिला. "टायर दगड झालेत. ते एक वेळ घसरून तरी सांगतील. नट मात्र नुसते टोकावर लटकलेत. ब्रेक तापले की चाक निघेल."

"आज निघेल?"

"ते चाक आधी सांगत नाही."

"शहरातून इथवर आला ना तो?"

"याच चाकांवर?"

"नाही," मादियार म्हणाला. "येताना रोजची होती. ही इथे बसवली."

झोलामानने आवाज खाली आणला. त्यामुळे तो सगळ्यांना ऐकू गेला. "कुदा, तुमच्या अंगावर माझा चपान आहे."

"आहे. उबदार आहे," केंझेताय म्हणाला. "गाडी जाणार नाही."

कढई तेवढी उकळत राहिली. कुणीतरी मागून पुटपुटलं, "वरातीतले तेच हे." मारझान दोन्ही हात पोटावर धरून उभी होती, ती बापाकडे बघत नव्हती, नवऱ्याकडे बघत नव्हती, क्षितिजावर काहीतरी महत्त्वाचं चाललं असावं तशी तिकडे बघत होती. केंझेतायला वाटलं, एवढं एकदा झालं की बास, मग मी जन्मभर गॅससुद्धा बघणार नाही.

राबिगाच पुढे झाली. "रोजची चाकं टाकून दिलीत का? मिनीबसमध्ये असतील ना? ती लावा, स्पेसर काढा. बाहेर दिसत नाही चाक तर नाही दिसत. आम्ही बघितलंय चाक."

बायका हसल्या, आणि झोलामानला हसणं भाग पडलं. गाडी लोखंडी स्टँडवर चढली, रुंद चाकं उतरली, स्पेसर निघाले. चाक जिथे टेकतं त्या गोल चकतीवर कणभर घाण असली तरी नट खोटं बोलतो, म्हणून केंझेतायने चारी चकत्या तारेच्या ब्रशने घासल्या, फडक्याने पुसल्या, बोट फिरवून पाहिलं. तेवढ्यात ल्योन्याने दुसऱ्या गाडीसाठी हाक मारली. तो गेला. परत येतो तर गाडीभोवती पोरंसोरं रांगत होती. विहीणबाई उर्कीया यांनी ओंजळी भरभरून गोळ्या-चॉकलेटं आणि नाणी गाडीवर उधळली होती. नव्या गोष्टीवर उधळण झाली नाही तर ती लाभत नाही. टपावर टॉफ्या, काचेवर टॉफ्या, मादियारच्या टोपीत नाणी. चाकं चढवून झाली होती, नट हाताने लावून झाले होते. आवळणं तेवढं केंझेतायसाठी ठेवलं होतं.

त्याने आवळले. समोरासमोरचे, आळीपाळीने, जसे आवळायचे तसे. राबिगा मागे उभी राहून ऐकत होती. टक्. टक्. नट आणि रिम यांच्यावरून त्याने पिवळ्या रंगाची एकेक रेघ ओढली. नट फिरला तर रेघ तुटते, लांबूनही दिसते. पुढच्या डाव्या चाकाचा एक नट अंमळ उशिरा टकला. म्हणजे टकला, पण आधी किंचित आत गेला, पिकलेल्या जर्दाळूवर अंगठा जावा तसा. केंझेताय थांबला. पाना परत लावला.

"केंझे," राबिगा मागून म्हणाली. फार हळू म्हणाली.

त्याने पाना खाली ठेवला. टायरमधली हवा मोजली, रबर तापल्यावर ती वाढते म्हणून थोडी कमी केली, आणि मादियारला म्हणाला, "पाच फेऱ्या. मग आत. आत आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, गाडी निवू द्यायची, मी परत आवळणार."

"परत?" झोलामान म्हणाला.

"तो नियम आहे. सगळ्यांना आहे."

गाडी गेली. केंझेताय माणसासारखा मांडी घालून बसला.

गालिच्यावर त्याला मानाची जागा मिळाली, म्हणजे ट्रॅककडे पाठ. समोर मेंढ्याचं अख्खं डोकं आलं, नाक त्याच्याकडे करून. ते कापून वाटायचा मान त्याचा. ते वाटून झाल्याशिवाय कुणी मांसाला हात लावत नाही आणि मानकऱ्याने मध्येच उठणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर दार आपटणं. आधी आशीर्वाद. सगळ्यांनी तळवे वर केले. केंझेतायला अशा वेळी नेमकं सुचत नसे.

"रस्ता मोकळा असो," तो म्हणाला. "घरात नातवंडं असोत. गेलेला परत येवो." तो अडला. "ज्याचं त्याचं जिथल्या तिथे घट्ट राहो. आमीन."

"आमीन," सगळ्यांनी चेहऱ्यांवरून हात फिरवले. झोलामान म्हणाला, "आशीर्वादातही पाना आणलात, कुदा!"

आणि मग त्याने विनोद सांगितला. "एक जावई सासऱ्याला विचारतो, पापा, घोडा देऊ की गाडी? सासरा म्हणतो, घोडाच दे बाबा. त्याची चाकं तरी निघत नाहीत!"

केंझेताय हसला. राबिगाने बघितलं की तो हसला. पण त्याचे कान पाठीमागे गेले होते, मांजराचे जातात तसे. मादियारची गाडी सरळ पट्ट्यावरून गेली, आवाज स्वच्छ. त्याने मेंढ्याचा एक कान कापून पोरांकडे दिला. गाडी पुन्हा गेली. गालाचा तुकडा कापून झोलामानला दिला. गाडी पुन्हा गेली, आणि या वेळी आवाजाखाली आणखी एक आवाज होता, की वाऱ्याने मिनीबसचा पत्रा वाजला? वाराच असणार. तो नेहमी वाराच असे. या हंगामात त्याने दोनदा लाल झेंडा दाखवून सगळा ट्रॅक थांबवला होता, एकदा प्लॅस्टिकच्या पिशवीसाठी, एकदा सावलीसाठी. तेव्हापासून ल्योन्याने झेंडा लांबच्या मनोऱ्यात स्वतःपाशी ठेवला होता. 'टक-अगा, पुढच्या वेळी चाक हातात घेऊन ये, मग थांबवतो,' असं तो म्हणाला होता.

"पाच झाल्या," केंझेताय म्हणाला.

"अहो, पोराला आता कुठे लय सापडलीय!" झोलामान उठून कठड्याशी गेला, एका हाताने मोबाईलवर चित्रण करत दुसऱ्या हाताने मुलाला खूण केली: अजून! अजून! गाडी आत वळता वळता पुन्हा सरळ निघाली.

केंझेतायच्या हातातली सुरी डोक्यावरच थांबली. त्या एका नटाचं ते मऊपण त्याच्या मनगटात अजून होतं. राबिगाने पातेल्याआडून मान हलवली: नको. मारझान पहिल्यांदाच त्याच्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांतही तेच: पापा, आज नको.

तेव्हा उर्कीयाबाईंनी त्याचं मन दुसरीकडे वळवायला, अगदी प्रेमाने, विषय काढला.

"कुदा, घ्या ना, खात नाही तुम्ही. काळजी करू नका हो. मी आज तुमचंच ऐकलं. लोक टपावर उधळतात. मी म्हटलं, आमचे कुदा म्हणतात भीती सगळी चाकांत असते, तर लाभही तिथेच हवा. चाकं काढलेली होती ना, मी सरळ तिथेच उधळलं. आणि काय सांगू, एक टॉफी त्या चकचकीत गोल लोखंडावर अशी चिकटून बसली! बाकीच्या पडल्या, ती पडेना. म्हटलं देवानेच बसवली, राहू दे. वरून अंगठ्याने जरा दाबलीसुद्धा."

"कुठल्या चाकाला?"

"पुढच्या. डोंगराकडच्या."

ट्रॅकवर उतरताना गाडीचं तोंड उगवतीला होतं. डोंगर उजवीकडे. पण तपासणीला ती उलटी उभी होती. तेव्हा डोंगर डावीकडे होता.

केंझेताय उठला. त्याने मेंढ्याचं डोकं ओलांडलं, जे कुणी ओलांडत नाही. हातातली सुरी त्याने भानावर येऊन ताटात ठेवली, तेवढी सभ्यता राहिली. मागून कुणीतरी "ऐ!" केलं, राबिगा "केंझे!" म्हणाली, आणि तो चपानचा घेर गोळा करत कठड्याकडे धावला. मनोरा लांब होता. झेंडा मनोऱ्यात होता. गाडी वळणातून सरळ पट्ट्यावर येत होती आणि आता आवाज लपत नव्हता: डग्, डग्, डग्, चाकाच्या फेऱ्याबरोबर.

त्याने चपान काढला. कठड्यावर चढला. आणि व्याह्याने चार लोकांत खांद्यावर घातलेली ती लाल मखमल दोन्ही हातांनी डोक्यावर गरगर फिरवायला लागला, वाऱ्याने ती त्याच्या तोंडावर आपटत होती, सोनेरी शिंगं फडफडत होती.

"काय करताय!" झोलामान ओरडला. "लोक बघताहेत! उतरा खाली! चपान आहे तो!"

मादियारने सासऱ्याला पाहिलं. नंतर तो सांगे की त्याला वाटलं, मारझानला कळा सुरू झाल्या. त्याने वेग सोडला, गाडी कडेकडेने आणली, आणि ती डुलत, ठोके देत, चालण्याच्या गतीने आत आली.

"हँडब्रेक नको!" केंझेताय म्हणाला आणि चाकाशी गुडघ्यावर बसला.

झोलामान मागोमाग आला. लाल झाला होता, चपानाइतकाच. "कुदा, वरातीत मी ऐकून घेतलं. आज माझ्या गालिच्यावरून, माझ्या मेंढ्यावरून तुम्ही..." मग त्याने बघितलं. पुढच्या डाव्या चाकावरच्या पिवळ्या रेघा एकाही नटावर जुळत नव्हत्या. नटावरचा अर्धा तुकडा एकीकडे, रिमवरचा दुसरीकडे. केंझेतायला पाना लागलाच नाही. पहिला नट त्याने बोटांनी सोडला. दुसराही.

जॅकवर गाडी उचलली, चाक निघालं. ब्रेकची आच तोंडावर आली, आणि तिच्याबरोबर जळक्या साखरेचा वास. चकतीवर टॉफी वितळून पसरली होती आणि तिच्यात चांदीचा कागद पापुद्र्यासारखा चिकटला होता. आवळताना ती घट्ट होती, म्हणून पाना टकला. तापल्यावर ती वाहून गेली, आणि तिच्या जाडीएवढी ढिलाई चाकाला मिळाली. एका बोल्टाचे आटे पार झिजले होते.

उर्कीयाबाई पुढे आल्या, वाकून बघितलं, आणि मुकाट्याने डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला. केंझेताय म्हणाला, "उधळण लाभली, कुदागी. सुखरूप आत आला पोरगा."

"खरंच?" त्या म्हणाल्या.

"आत येईपर्यंत चाक जागेवर राहिलं ना. लाभलीच म्हणायची."

मनोऱ्यावरून ल्योन्या धापा टाकत आला. "टक-अगा, परत कशासाठी..." केंझेतायने चाक उचलून त्याच्या हातात दिलं. ल्योन्याने ते घेतलं आणि कुठे ठेवावं ते न कळून तसाच उभा राहिला.

मारझान बापाजवळ येऊन बसली, जमिनीवरच, जड अंगाने. तिने त्याच्या बाहीला लागलेली मेंढ्याची चरबी पुसली. मादियार गाडीतून उतरला नव्हता. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होता. केंझेतायचे हात अजून थांबले नव्हते. उरलेल्या तीन चाकांचे नट तो एकामागून एक चाचपत होता. ते घट्ट होते. त्याने परत चाचपले. या वेळी राबिगाने अडवलं नाही. "तो मागचा राहिला," एवढंच म्हणाली.

जेवण पुन्हा सुरू झालं, कारण मांस निवत होतं. केंझेतायने डोकं वाटून पुरं केलं. झोलामानने नेहमीच्या आवाजात सुरुवात केली, "एक जावई सासऱ्याला विचारतो, पापा, घोडा देऊ की..." आणि मध्येच थांबला. चहा मागवला.

उन्हं कलली तशी सामान बांधाबांध झाली. मादियारच्या गाडीला ल्योन्याकडून जुना बोल्ट मिळाला, चकती घासून पुसून कोरडी झाली, चाकं चढली, आणि केंझेतायने ती आवळली, मग पुन्हा आवळली, आणि उर्कीयाबाईंनी कुणाला त्या गाडीच्या वाऱ्यालाही उभं राहू दिलं नाही. मादियार पुन्हा स्टिअरिंगला हात लावायला तयार नव्हता. गाडी शहरात कोण नेणार, असा प्रश्न निघाला. चुलतभाऊ पुढे झाले.

"थांबा," झोलामान म्हणाला. धुळीत पडलेला चपान त्याने स्वतः उचलला, कोपरापासून झटकला, आणि केंझेतायच्या खांद्यांवर पुन्हा चढवला. चार लोकांत. मग खिशातून किल्ली काढली, दोन्ही हातांनी धरली आणि मान झुकवून पुढे केली.

"माझ्या पोराची गाडी आज दुसऱ्या कुणाच्या हाती मी देणार नाही. तुम्ही न्या, कुदा. तुम्ही चालवा."

सगळे बघत होते. मारझान बघत होती, आणि तिच्या तोंडावर बऱ्याच दिवसांनी काहीतरी उजळलं होतं. केंझेतायने किल्ली घेतली. उलटी करून बघितली. राबिगाने तोंडाला डोक्यावरच्या रुमालाचं टोक लावलं आणि तिचे खांदे हलायला लागले.

केंझेतायला गाडी चालवता येत नाही.